औंधची पंचायत आणि वाया जाणारी मतं

औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, 21 जानेवारी 1939 रोजी सत्ता प्रजेच्या हाती दिली! गावानं पाच पंच निवडायचे, पंचायतींचे अध्यक्ष तालुक्यात, तिथून प्रतिनिधी विधिमंडळात. अशा रचनेत गावातल्या अल्पमताचा आवाज पहिल्याच पायरीवर अडतो, हे मला खटकतं.

आजही तेच. ग्रामपंचायतीच्या तीन जागांच्या प्रभागात मतदार तीन मतं देतो. 100 पैकी 55 जण एका पॅनेलमागे उभे राहिले, तर तिन्ही जागा त्यांच्याच. 45 जणांच्या हाती शून्य. प्रमाणशीर पद्धतीत पसंतीक्रम लिहायचा, निवडून यायला लागणारा कोटा 26 मतांचा: 55 वाल्यांना दोन जागा, 45 वाल्यांना एक. आमदार विधान परिषदेचे सदस्य याच पद्धतीनं निवडतात. मग गावाला का नको?