वाट चुकलेल्यांसाठी स्वारगेट

डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी काहीतरी करायला हवं, असं एखाद्या संस्थेच्या, महापालिकेच्या किंवा कंपनीच्या मनात आलं, की सहसा तीन कल्पना पुढे येतात: एक निवासी केंद्र, एक मोबाइल अ‍ॅप आणि २१ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनी, एक जनजागृती फेरी. तिन्हींचा काही ना काही उपयोग आहे. पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते, की हा माणूस कुठेतरी एका जागी बसलेला आहे आणि मदत त्याच्यापर्यंत नेऊन पोचवायची आहे. प्रत्यक्षात आजाराची पहिली काही वर्षं तो चालता-फिरता असतो. मंडईत जातो, बँकेत जातो, देवळात जातो, बस पकडतो. त्याचं अडतं ते घर आणि दवाखाना यांच्या मधल्या रस्त्यावर, आणि तिथे त्याला भेटणारी माणसं डॉक्टर नसतात. ती कंडक्टर, रिक्षावाले, फेरीवाले, हवालदार असतात. म्हणून पुण्यात अशा प्रकल्पाची आखणी करायची तर सुरुवात स्वारगेटपासून करावी, असं माझं म्हणणं आहे.

प्रश्न किती मोठा आहे, हे आधी पाहू. भारतातल्या ज्येष्ठांच्या दीर्घकालीन पाहणीचा भाग म्हणून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठ वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख भरते. २०१० च्या एका राष्ट्रीय अहवालात हाच अंदाज ३७ लाखांचा होता. वाढीमागे आयुर्मानही आहे आणि मोजण्याच्या पद्धतीतला बदलही. नव्या अभ्यासात नियोजनकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे: स्त्रियांत, कमी शिकलेल्यांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे पत्रकं वाचणारा, अ‍ॅप वापरणारा, स्वतःहून न्यूरॉलॉजिस्टकडे जाणारा मध्यमवर्गीय डोळ्यांसमोर ठेवून आखलेला प्रकल्प ज्यांना गरज सर्वांत मोठी, त्यांनाच चुकवतो. स्वारगेटला हे दोन्ही वर्ग एकाच फलाटावर उभे असतात. एका बाजूला मुकुंदनगर, दुसऱ्या बाजूला गुलटेकडी आणि मार्केट यार्ड, पलीकडे पर्वती पायथ्याच्या वस्त्या. आणि एसटीने सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून येणारी-जाणारी माणसं.

या जागेचं महत्त्व आजाराच्या स्वभावातच आहे. अल्झायमर या डिमेन्शियाच्या मुख्य प्रकारात नव्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या बराच काळ टिकतात. सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नाही, पण लहानपणीच्या गावाची वाट आठवते. त्यामुळे स्वतःच्या घरात बसलेला माणूस संध्याकाळी अस्वस्थ होऊन ‘मला घरी जायचंय’ म्हणू लागतो. त्या क्षणी त्याचं घर म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी सोडलेलं गाव असतं. नोकरीसाठी दक्षिण महाराष्ट्रातून पुण्यात आलेल्या पिढीसाठी त्या गावाची वाट स्वारगेटवरूनच जाते. त्यात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ही सवलत उत्तमच आहे; अनेकांना तिने मुलांपुढे हात पसरल्याशिवाय प्रवासाचं स्वातंत्र्य दिलं. पण खिशात पैसे नाहीत म्हणून बसमध्ये न चढणं, हा एक नकळत लागणारा अडसर तिने दूर केला, हेही खरं. गंमत अशी की अडचणीबरोबर उपायही याच सवलतीत आहे. शून्य रकमेचं तिकीट देण्याआधी कंडक्टर वयाचा पुरावा पाहतो, आणि तो पुरावा म्हणजे बहुतेकदा पत्ता असलेलं आधार कार्ड. एकट्या ज्येष्ठ प्रवाशाची ओळख विचारण्याचं काम सरकारी यंत्रणेने आधीच कुणावर तरी सोपवलेलं आहे. प्रकल्पाने त्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडायचा: कुठे निघालात, आणि तिथे घ्यायला कोण येणार आहे?

उत्तर गोंधळलेलं आलं, तर पुढे काय? इथे स्वारगेटची खरी अडचण दिसते. या एका परिसरात एसटीचं स्थानक आहे, पीएमपी या शहर बससेवेचं आगार आणि मुख्यालय आहे, सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचं शेवटचं स्थानक आहे, जेधे चौकात वाहतूक पोलीस आहेत, जवळच पोलीस ठाणं आहे आणि रस्ता-पदपथ महापालिकेचे. वाट चुकलेली आजी अर्ध्या तासात या सगळ्यांच्या हद्दीतून जाऊ शकते आणि कुणाच्याही कामाच्या यादीत बसत नाही. तिने गुन्हा केलेला नाही, अपघात झालेला नाही, तिकीटही रीतसर आहे. तेव्हा आखणीचा पहिला कागद हा जबाबदारीचा असायला हवा: कंडक्टरने वाहतूक नियंत्रकाला सांगायचं, नियंत्रकाने त्या प्रवाशाला आपल्या चौकशी खिडकीजवळ बसवायचं, पाणी द्यायचं, पोलीस ठाण्याला आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवायचं, आणि हाच क्रम मेट्रोच्या सुरक्षारक्षकालाही तोंडपाठ असायचा. घरच्यांसाठीही एक वाक्य प्रत्येक खिडकीवर हवं: हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं हा निव्वळ गैरसमज आहे.

अशी कामं साध्या माणसांना झेपतील का? याचं उत्तर शेजारच्या गोव्यात मिळतं. तिथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की लोक या विसराळूपणाला आजार न मानता वय झाल्याची खूण मानतात, किंवा मुलांनी नीट सांभाळलं नाही म्हणून असं झालं, असं समजतात. त्यामुळे सांभाळणारी सून किंवा मुलगी दुहेरी भरडली जाते: दिवसभराचे कष्ट तिचे आणि दोषही तिच्याच माथी. पुढे अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांना सामावून एक चाचणी केली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. गृहभेटी देणारे सल्लागार हे तज्ज्ञ नव्हते. त्यांना प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ होते. ते घरी जाऊन आजार समजावून सांगत, एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला किंवा राग अनावर झाला तर कसं वागावं ते शिकवत, गरज पडल्यास औषधांची सोय पाहत. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात आणि रुग्णाच्या वागणुकीमुळे होणाऱ्या त्यांच्या त्राग्यात लक्षणीय सुधारणा दिसली. इतर काही मोजमापांत फरक ठोस ठरला नाही, आणि चाचणी लहान होती, हेही सांगायला हवं. पण मुख्य धडा पक्का आहे: योग्य देखरेख असेल तर हे काम शेजारपाजारची माणसं करू शकतात.

दुसरा धडा जपानचा. तिथे २००५ पासून साधारण दीड तासाच्या वर्गातून डिमेन्शियाचे ‘समर्थक’ तयार केले जातात. त्यात बँकेचे कर्मचारी, दुकानदार, शाळकरी मुलं असे सगळे येतात. संख्या एक कोटीच्या कधीच पुढे गेली. इतकं झाल्यावर प्रश्न उभा राहिला, की हे कोट्यवधी लोक करतात काय? वर्ग झाला, मनगटावर नारिंगी पट्टा आला, आणि पुढे? म्हणून २०१९ पासून तिथे समर्थकांचे छोटे गट प्रत्यक्ष कुटुंबांना जोडून देण्यावर भर आला. ओमुता या जुन्या कोळसाखाणींच्या शहराने तर त्याआधीच, २००४ पासून, वेगळा मार्ग धरला होता. तिथे दरवर्षी सराव होतो. एक स्वयंसेवक वाट चुकलेल्या वृद्धाची भूमिका घेऊन रस्त्याने फिरतो, संदेश शहरभर जातो आणि नागरिकांनी त्याला ओळखून हळुवारपणे बोलतं करायचं असतं. नुसत्या माहितीने हात पुढे होत नाही, सरावाने होतो, हे त्या शहराने ओळखलं.

या दोन धड्यांवरून स्वारगेटचा आराखडा मांडता येतो. पहिल्या वर्षी काहीच बांधायचं नाही. दोन्ही आगारांचे चालक-वाहक, मेट्रोचे रक्षक, रिक्षाथांब्यावरचे चालक, मार्केट यार्डातले हमाल आणि घरोघर कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या महिला यांच्यासाठी छोटे वर्ग, तेही कामाच्या वेळेत आणि पगारी. वर्षातून दोनदा ओमुतासारखा सराव, एकदा सकाळच्या गर्दीत आणि एकदा रात्री. जागेत साधे बदल: फलाटावर मोठ्या अक्षरांबरोबर ठळक चित्रं, कारण वाचणं अवघड झालं तरी चित्र कळतं, दारात काळी चटई नको, कारण या आजारात ती खड्ड्यासारखी भासू शकते, चकचकीत फरशी ओली वाटते आणि पाऊल अडतं. आणि घराच्या बाजूने, महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या जागेत आठवड्यातून दोन दुपारी रुग्णांना सोबत, म्हणजे सांभाळणारीला तेवढे तास मोकळे मिळतील. पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळं मोठं आहे. पण सभासद नावं विसरू लागला की त्याचं येणं थांबतं. त्याला खुर्ची राखून ठेवणं हाही या योजनेचा भाग असला पाहिजे. आखणीच्या बैठकीतही सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णाला जागा हवी. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून रुग्णांचाच कार्यगट धोरणकर्त्यांशी बोलतो आहे. कुठला फलक गोंधळात पाडतो, हे त्याच्याइतकं नेमकं कोण सांगणार?

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला कंडक्टरचा: भरलेल्या गाडीत तिकिटं फाडू की म्हाताऱ्यांची विचारपूस करू? रास्त आहे. म्हणूनच त्याच्याकडून एक प्रश्न आणि एक निरोप एवढंच मागायचं. पुढची जबाबदारी जागेवर बसलेल्या नियंत्रकाची. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. एकट्या ज्येष्ठाला प्रत्येक जण अडवून चौकशी करू लागला, तर धडधाकट माणसाचा अपमान होईल आणि रुग्णाची नजरकैद. हा धोका खरा आहे, आणि तो टाळायचा तर नियम स्पष्ट हवा: वय हे अडवण्याचं कारण नाही, गोंधळ हे आहे, आणि पत्ता पाहायचा, नोंदवून साठवायचा नाही. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये एका वृद्धाश्रमाबाहेर खोटा बसथांबा उभारला होता. घरी निघालेले रुग्ण तिथे बसत, बस कधीच येत नसे, काही वेळाने ते शांत होऊन आत परतत. जगभर त्याचं कौतुक झालं आणि फसवणूक म्हणून टीकाही झाली. स्वारगेटला तो मार्ग मोकळाच नाही, कारण इथली बस खरोखर सुटते. तेव्हा इथे खोट्याची सोय शोधण्यापेक्षा खरं बोलणारा माणूस तयार करणं भाग आहे.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो: गळ्यात क्यूआर कोड घाला, जीपीएसचं घड्याळ बांधा, काम झालं. जरूर करावं, पण घड्याळ चार्ज करणारं कुणी घरी हवं, आणि क्यूआर कोड वाचण्याआधी समोरच्या माणसाला थांबून पाहावंसं वाटलं पाहिजे. चौथा आक्षेप सर्वांत जुना: आईवडिलांना सांभाळणं हे घरच्यांचं कर्तव्य, त्यात गावाने का पडावं? कर्तव्याबद्दल वाद नाही. आपल्याकडे २००७ चा कायदाही तेच सांगतो. पण चोवीस तास, कित्येक वर्षं एका माणसाने डोळ्यांत तेल घालून राहावं, ही अपेक्षा कर्तव्याच्या पलीकडची आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ च्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान मुलीच्या गाडीतून उतरून हत्तीमागे चालू लागतात. त्यात मुलीची माया कमी पडत नाही. कमी पडतात ती काही मिनिटं. त्यांना आसरा मिळतो तो माहुताच्या कुटुंबात. माहुताच्या बायकोला, जिच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आजाराचं नाव ठाऊक नसतं, तरी ती त्यांना लेकरासारखं सांभाळते. चित्रपटात हा योगायोग आहे. शहराला योगायोगावर विसंबता येत नाही.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा. असे प्रकल्प बहुधा किती वर्ग झाले, किती पत्रकं वाटली, यावर मोजले जातात, आणि निधीची मुदत संपली की मावळतात. स्वारगेटचा प्रकल्प तीन गोष्टींवर मोजावा: वाट चुकलेला माणूस दिसल्यापासून घरच्यांच्या हाती लागेपर्यंत किती वेळ गेला, सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातले किती तास मोकळे मिळाले, आणि किती रुग्णांचं बाहेर पडणं चालू राहिलं. तिसरं माप मुद्दाम धरलं आहे, कारण सगळ्यांना घरात कोंडलं तर हरवणाऱ्यांची संख्या शून्यावर येईल आणि कागदावर प्रकल्प यशस्वी ठरेल. टिकाऊपणाची कसोटीही साधी आहे. कामाचा क्रम दोन्ही आगारांच्या आणि मेट्रोच्या नियमित प्रशिक्षणात लेखी गेला, तर संस्था निघून गेल्यावरही तो चालेल. स्वयंसेवकांच्या उत्साहावर ठेवला, तर दोन वर्षांत विरेल. त्यासाठी लागणारी माणसं स्वारगेटला आजही रोज कामावर हजर असतात. कमतरता आहे ती पाच यंत्रणांच्या अधिकाऱ्यांनी एकाच कागदावर सही करण्याची, आणि नियोजनाची पहिली बैठक त्याच सहीसाठी भरली पाहिजे.