सैनिकी पोशाख, मराठेकालीन

सैनिकी पोशाख, मराठेकालीन : सतराव्या व अठराव्या शतकांत मराठी फौजेतील सैनिक वापरीत असलेली वस्त्रे व अंगरक्षक आवरणे. या काळाच्या बहुतांश भागात फौजेला एकसारखा गणवेश नव्हता. बारगिराला घोडा व शस्त्रे सरकारातून मिळत. शिलेदार ती स्वतः आणी. साहजिकच पोशाखाची प्रत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे बदले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेचे बळ डोंगराळ मुलखातील जलद हालचालींत होते. अशा फौजेला जड लोखंडी आवरणापेक्षा सुती कपडे अधिक सोयीचे होते.

सामान्य सैनिक डोक्यास मुंडासे, अंगात बंडी किंवा अंगरखा, कमरेस शेला आणि पायांत गुडघ्यांपर्यंतचा चोळणा वापरी. अंगरख्याच्या छातीवरील पदर एकमेकांवर घेऊन बंदांनी बांधीत. खालचा घेर कळ्या जोडून वाढवीत. त्यामुळे घोड्यावर मांड ठोकताना अडचण होत नसे. बगलेत जोडलेल्या तुकड्यामुळे वार करण्यासाठी हात उचलला, तरी शिवण उसवत नसे. मुंडाशाचे वेढे डोक्यावरील वार सौम्य करीत. शेला पोटाचे रक्षण करी आणि त्यात कट्यार खोवता येई.

कापडाच्या पदरांमध्ये कापूस भरून टाचलेला डगला हे स्वस्त संरक्षण होय. जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे कापूस एका जागी गोळा होत नाही व तलवारीच्या आघाताचा जोर विभागला जातो. मात्र पावसात तो भिजून जड होई. साखळी चिलखतात प्रत्येक कडी सामान्यतः शेजारच्या चार कड्यांत गुंतविलेली असते. चांगल्या चिलखतातील कड्यांची तोंडे रिव्हेट मारून बंद करीत. कड्या अंगात रुतू नयेत म्हणून आत जाड वस्त्र घालणे आवश्यक असे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या भेटीत अफझलखानाचा वार शिवाजी महाराजांच्या अंगातील चिलखतामुळे निष्फळ ठरला.

बंदुकांचा प्रभाव वाढल्यावर ही आवरणे मागे पडली. महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉयने याने १७८४ पासून यूरोपीय धर्तीच्या कवायती पलटणी उभारल्या. त्यांच्याबरोबर समान गणवेशही आला.

लोखंड टिकते, कापूस टिकत नाही. झिजलेले वस्त्र पुन्हा घरकामात वापरले जाई, उरलेले कसर व दमटपणा यांमुळे नष्ट होई. परिणामतः संग्रहालयांत सरदारांची चिलखते आढळतात. सामान्य शिपायाचा डगला मात्र क्वचितच दिसतो. त्याच्या पोशाखाची कल्पना मुख्यतः समकालीन चित्रे, बखरी व प्रवासवृत्ते यांवरूनच करावी लागते.