दुचाकीवरून मुलाखतीला जाताना

गेल्या महिन्यात एका रात्री माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "अस्सलामु अलैकुम टीचर, शनिवारी दहा वाजता उंबरगावच्या एका कंपनीत मुलाखत आहे. हिशेबाचं काम आहे. काय घालून जाऊ?"

ती तलासरीजवळ राहते. मी विचारलं, "जाणार कशी?"

"भाईजानच्या मोटारसायकलवर, मागे बसून."

"मग बेटा, तुझे प्रश्न दोन आहेत. गाडीवर काय घालायचं आणि आत काय घालून बसायचं. दोन्हींचं उत्तर एक नाही."

हे मला कुणी शिकवलं नाही, ठेच लागून कळलं. २००४ साली माझं बी.एड. नुकतंच झालं होतं. तलासरीकडच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. अम्मीनं नवा सलवार-कमीज शिवून घेतला, ओढणीला खळ दिली. सकाळी डहाणूहून भाईजानच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसले. आशागड ओलांडलं आणि मानेला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं होतं. भाईजाननं गाडी आवरली म्हणून मी नुसती खडीवर पडले. शेतातून एक आदिवासी मावशी धावत आली. तिनं विळ्यानं ओढणी कापली, मला पाणी पाजलं. भाईजान रस्त्याच्या कडेला बसून रडत होता.

तरीही गेले. पाऊण तास उशीर, कमीजवर ऑइलचे डाग, गळ्यावर लाल वळ. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "शिक्षिकेकडे आधी टापटीप आणि वेळ बघतात." काय झालं ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती नोकरी गेली. पण जीव वाचला, याचे शुक्र मी आजही मानते.

वाचक म्हणतील, बसने किंवा रेल्वेने का जात नाही? आमच्या भागाचा नकाशा पाहिला की उत्तर मिळतं. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि नव्या कारखान्यांवर कडक मर्यादा आल्या. त्यामुळे चिकूच्या वाड्या आणि किनारा वाचला, हे चांगलंच झालं. पण कारखान्यातली नोकरी हवी तर दक्षिणेला बोईसर-तारापूर गाठायचं, नाहीतर उत्तरेला गुजरातेतलं उंबरगाव किंवा वापी. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, पण रेल्वे किनाऱ्याकडून जाते. तलासरी आत महामार्गावर आहे, तिथे स्टेशन नाही. शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. म्हणून घरात एक मोटारसायकल असते आणि मुलाखत असेल त्या दिवशी ती त्या मुलाची किंवा मुलीची असते.

आता पहिला प्रश्न, गाडीवरचा पोशाख. चाकात कपडा अडकणं इतकं सर्रास आहे की कायद्यानंच त्याची दखल घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. आपण तिला साडी गार्ड म्हणतो. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पोरं तेच आधी काढून टाकतात. भावांनो, ते काढू नका. ज्या गाडीवर बहीण, अम्मी किंवा बायको बसते, त्या गाडीची शोभा त्या जाळीतच आहे.

बसायचं ते दोन्हीकडे पाय टाकून. एका बाजूला बसण्यात अदब आहे असं आपल्याकडे मानतात, पण खड्डा आला की तोल तिकडेच जातो. खाली सलवार किंवा सैल पँट असली की झाकलेपणाला काही कमी पडत नाही. बुरखा घालणाऱ्या बहिणींनी घेर गोळा करून मांडीखाली दाबावा, बाह्यांची टोकं मनगटाशी आवळावीत. ओढणी मात्र गाडीवर गळ्यात नकोच. ती घडी करून पिशवीत ठेवा आणि डोक्याला अंगासरशी बसणारा सुती स्कार्फ बांधा. वाऱ्यावर फडफडणाऱ्या कपड्यापेक्षा नीट बांधलेल्या कपड्यात हया जास्त राहते.

स्कार्फवर हेल्मेट बसत नाही, ही तक्रार मी शंभरदा ऐकली आहे. बसतं. स्कार्फ पातळ हवा, मागे जाड गाठ नको आणि हेल्मेटखाली टाचणी अजिबात नको. आतून शिवलेला किंवा टोपीसारखा स्कार्फ सगळ्यात सोयीचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं करतं. ते मोडलं तर कायद्यात एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होण्याची तरतूद आहे. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे अच्छाड ओलांडून गुजरातेत शिरलात तरी तोच. आयएसआय खूण पाहून घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आपल्याआधी उडून जातं. सफरची दुआ जरूर पढा, पण तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

दुसरा प्रश्न, आत काय घालायचं. नवं आणि महाग हवं असं नाही. आमच्याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची शाळा चालवली, तिथे स्वच्छता हाही शिक्षणाचाच भाग होता. मुलाखतीचंही तसंच आहे. धुतलेला, इस्त्रीचा, साध्या रंगाचा कपडा पुरे. मुलींनी कमीजवर गाडीसाठी एखादा जुना सुती कोट किंवा बुरखा चढवावा, पोहोचल्यावर तो झटकून घडी करावी. मुलांनी शर्टावर जुनं जाकीट घालावं. शर्टाची घडी करण्यापेक्षा गुंडाळी करून पिशवीत ठेवली तर चुण्या कमी पडतात. दाढी राखत असाल तर ती विंचरलेली असावी. अत्तर एक थेंब पुरे, बंद खोलीत जास्त झालं तर समोरच्याचं डोकं दुखतं.

पिशवीत काय काय असावं? पावसाळा असो वा नसो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रमाणपत्रं. ओला रुमाल आणि कोरडा रुमाल. कंगवा, दोन जास्तीच्या टाचण्या, पाण्याची बाटली. पावसाळ्यात रेनकोट अंगावर आणि चांगली चप्पल किंवा बूट पिशवीत. महामार्गाची धूळ आणि ट्रकचा धूर चेहऱ्यावर किती बसतो, हे रुमाल फिरवल्यावरच कळतं.

आणि वेळ. चारोटीपासून तलासरीपर्यंत ट्रकांची रांग कधी लागेल सांगता येत नाही. दहाची मुलाखत असेल तर साडेनऊला फाटकाशी असा. आदल्या दिवशी पेट्रोल भरा, हवा तपासा, गाडीची कागदपत्रं पाहा. उशीर होतोय म्हणून वेग वाढवायचा मोह झाला तर फोन करून कळवा. दहा मिनिटं उशिरा पोहोचलेला उमेदवार पुन्हा कुठेतरी मुलाखत देऊ शकतो.

हे सगळं मी त्या मुलीला फोनवर सांगितलं, तिनं वहीत लिहून घेतलं. शनिवारी दुपारी तिचा फोन आला. सव्वानऊला पोहोचली होती. भाईजाननं आदल्या रात्री गॅरेजमधून साडी गार्ड बसवून आणलं होतं. फाटकावरच्या वॉचमनकडे दोघांची हेल्मेटं ठेवली, तोंड धुतलं, ओढणी घेतली आणि आत गेली.

"टीचर, हिशेबाचं विचारलं ते सगळं आलं. शेवटी साहेबांनी विचारलं, रोज कशा येणार? भाऊ रोज सोडणार का?"

"मग?"

"मी गप्प झाले."

आई-बापांनो, हा प्रश्न आपल्यासाठी आहे. मुलीला आपण शिकवतो, मुलाखतीलाही पाठवतो, पण गाडीची चावी देताना हात आखडतो. लोक काय म्हणतील ही भीती मला ठाऊक आहे. मीही चाळिशीत येऊन स्कूटर शिकले, आणि शेजारच्यांचं बोलणं दोन आठवड्यांत संपलं. भाऊ आज सोडेल, उद्या त्याची पाळी बदलेल, परवा त्याचं लग्न होईल. नोकरी रोजची आहे. अठरा पूर्ण झाली की लर्निंग लायसन्स काढा, तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. मुलाला शिकवलंत तसंच मुलीलाही मैदानात नेऊन शिकवा.

त्या मुलीच्या मुलाखतीचा निकाल अजून आलेला नाही. पण सोमवारी ती अब्बूंना घेऊन लर्निंग लायसन्सचा अर्ज भरून आली. पुढच्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला तर तिच्याकडे उत्तर असेल, इन्शाअल्लाह.