गडचिरोलीकडे स्वस्त जमीन घेण्यापूर्वी



"इथली तीन एकर बागायत विकली तर गडचिरोलीकडे मोठा तुकडा येतो म्हणतात. जाऊ का, साहेब?" पश्चिम महाराष्ट्रातले एक गृहस्थ मुलाला घेऊन मला विचारायला आले होते. वाटण्या होऊन जमीन पुरेनाशी झाली म्हणजे असा विचार मनात येतोच. त्यात चूक काही नाही. पण विसार देण्यापूर्वी तिकडचे मान समजून घ्या.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती, गडचिरोली जिल्ह्यात अवघी ७४. म्हणून तिथे जमीन मोकळी पडली आहे असे समजू नका. जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगल आहे.

आधी सातबारा पाहा. मालक आदिवासी असेल, तर १९७४ च्या कायद्याने ती जमीन बिगर आदिवासीला सरकारी मंजुरीवाचून घेता येत नाही. साठेखत करा, मुखत्यारपत्र घ्या, दुसऱ्याच्या नावावर ठेवा, अशा वाटा दलाल दाखवील. त्याचे ऐकाल तर पैसा जाईल आणि जमीन मूळ मालकाकडे परत जाईल. ते योग्यच आहे. २००६ च्या कायद्याने मिळालेला वनहक्काचा पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असला तर कागद तहसील कचेरीत दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता शेती. उसाच्या सवयीने तिकडे जाल तर फसाल. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांचा. बांधीत धान घ्यायचे आणि धानानंतर उरल्या ओलीवर लाखोळी, जवस, हरभरा. तळे किंवा बोडी जवळ नसेल तर उन्हाळी पिकाचे नाव काढू नका. रानडुकरांची राखण निराळी.

खरी अडचण मजुरांची. रोवणी सगळ्यांची एकदमच येते. गावातली घरे एकमेकांच्या बांधीत जाऊन ती उरकतात. तुम्ही नवखे, तुमच्याकडे कोण येणार? रोजी वाढवून दिली तरी आधी सोयऱ्याची रोवणी होते. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला की शेतात माणूस मिळत नाही. त्या लोकांच्या अडीअडचणीला तुम्ही दोन वर्षे उभे राहिलात, तर मग मात्र ती माणसे तुम्हाला उघडे पाडणार नाहीत. मी तिकडे नोकरी केली आहे, म्हणून सांगतो.

त्या गृहस्थांना मी म्हटले, उन्हाळ्यात जमीन पाहू नका. श्रावणात जा, आणि घरच्या बाईंना बरोबर न्या. दवाखाना किती कोसांवर, नाल्याला पूर आला तर गाडी कुठे अडते, मुलांची शाळा कितवीपर्यंत, हे त्यांनाच आधी दिसेल.

नवराबायको आठ दिवस राहून आली. गाव बाईंच्या मनात भरले. मात्र त्या आठांतले तीन दिवस रस्ता पाण्याखाली होता, आणि घरी सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. अजून त्यांचे काही ठरलेले नाही. विसार दिलेला नाही, आणि बागायतही विकलेली नाही.