मोटारीतील अपघात-नोंदयंत्र आणि चालकाची खासगी माहिती : चारोटी अपघाताच्या संदर्भात

प्रस्तावना

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर एक मर्सिडीज-बेंझ मोटार आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्यासह मागील आसनावरील दोघांचा या अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर सार्वजनिक चर्चा झाली ती प्रामुख्याने मागील आसनावरील सीटबेल्टची. मात्र या प्रकरणाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मोटार किती वेगात होती, या प्रश्नाचे उत्तर या वेळी साक्षीदाराने दिले नाही. ते स्वतः मोटारीनेच दिले.

प्रारंभी पोलिसांनी जी माहिती दिली ती रस्त्यावरील कॅमेऱ्याच्या आधारे होती. तपासणी नाका ओलांडल्यानंतर मोटारीने सुमारे २० किलोमीटरचे अंतर ९ मिनिटांत कापले, असे सांगण्यात आले. याचा हिशेब केल्यास सरासरी वेग ताशी सुमारे १३३ किलोमीटर येतो. काही दिवसांनी उत्पादक कंपनीचा प्राथमिक अहवाल पोलिसांकडे आला. त्यानुसार आघाताच्या पाच सेकंद आधी ब्रेक लावला गेला, तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि आघाताच्या क्षणी तो ८९ होता. हे दोन आकडे परस्परविरोधी आहेत असे वरवर वाटते. पण पहिला २० किलोमीटरच्या प्रवासाची सरासरी सांगतो आणि दुसरा केवळ अखेरचे काही क्षण. न्यायालयात वा वृत्तपत्रांत यांपैकी कोणता आकडा पुढे ठेवला जातो, यावर चालकाविषयीचे मत बदलू शकते.

नोंदयंत्राचे कार्य

ज्याला ‘इव्हेंट डेटा रेकॉर्डर’ (पुढे ‘ईडीआर’) म्हणतात, ती विमानातील ब्लॅक बॉक्ससारखी वेगळी पेटी बहुधा नसते. एअरबॅग केव्हा उघडायची याचा निर्णय घेणारे जे नियंत्रक यंत्र मोटारीच्या मध्यभागी बसविलेले असते, त्याचाच हा एक भाग होय. या यंत्राला वेगातील आकस्मिक बदल मोजावाच लागतो. मोजलेले जपून ठेवणे ही त्यापुढची लहानशी पायरी. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. असे प्रत्येक यंत्र नोंद ठेवतेच असे नव्हे, तथापि नोंद ठेवू शकेल असे यंत्र त्यामुळे सर्वसामान्य मोटारींतही पोहोचले.

मोटार चालू असताना यंत्राच्या स्मृतीत ताजी माहिती येत राहते आणि जुनी पुसली जाते. आघात झाला की मात्र त्यापूर्वीचे काही सेकंद गोठविले जातात. अमेरिकेतील २००६ च्या नियमानुसार वेगात १५० सहस्रांश सेकंदांत ताशी ८ किलोमीटर वा त्याहून अधिक बदल झाला, तर तो नोंदयोग्य आघात ठरतो. वेग, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला होता, ब्रेक लावला होता की नाही, चालकाचा सीटबेल्ट बांधलेला होता की नाही, एअरबॅग किती वेळाने उघडली, अशा बाबी त्यात येतात. संभाषण, चित्र वा ठिकाण नोंदविणे या नियमात अपेक्षित नाही.

पाच सेकंदांचे वाचन

आकडे यंत्राने दिले म्हणजे ते स्वयंस्पष्ट असतात, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. चारोटीच्या अपघातात पाच सेकंदांत वेग ताशी १०० वरून ८९ वर आला, म्हणजे प्रतिसेकंद ताशी दोन किलोमीटरहून थोडी अधिक घट झाली. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबल्यास आधुनिक मोटार ताशी १०० च्या वेगावरून साधारणतः चार सेकंदांत थांबू शकते. तेव्हा ‘पाच सेकंद आधी ब्रेक लावला’ या विधानाचा अर्थ पाचही सेकंद जोराने ब्रेक दाबला असा होऊ शकत नाही. तो हलकेच दाबला असेल, मध्येच सोडला असेल, अथवा अखेरच्या क्षणी पुन्हा दाबला असेल. यांपैकी नेमके काय घडले, हे प्रसिद्ध झालेल्या दोन आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक अर्ध्या सेकंदाची नोंद समोर हवी आणि ती वाचू शकणारा, उत्पादकाशी संबंध नसलेला तज्ज्ञही हवा.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. वेग बहुधा चाकांच्या फिरण्यावरून मोजला जातो. चाके जाम होऊन मोटार घसरत गेली तर नोंदलेला वेग प्रत्यक्षाहून कमी येऊ शकतो. शिवाय मोटारीबाहेरचे जग यंत्राला दिसत नाही. जयसिंगपुरातून जाणाऱ्या सांगली-कोल्हापूर मार्गावर किंवा शिरोळ तालुक्यातील अन्य रस्त्यांवर गाळप हंगामात रात्री ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. मागे लाल दिवा वा परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॉलीवर एखादी मोटार आदळली, तर ईडीआर मोटारीचा वेग आणि उशिरा लागलेला ब्रेक तेवढा सांगेल. ट्रॉली अंधारात होती, हे सांगणारे यंत्र ट्रॅक्टरवर नसते. माहिती एकाच पक्षाची असली की ती अचूक असूनही एकांगी ठरते.

नोंद कोणाच्या मालकीची?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००४ मध्ये या विषयावर कायदा अमलात आणला. पुढे २०१५ च्या संघीय ‘ड्रायव्हर प्रायव्हसी अ‍ॅक्ट’ने ही माहिती मोटारीच्या मालकाची वा ती भाड्याने घेणाऱ्याची आहे असे ठरविले. न्यायालयाचा आदेश, मालकाची संमती, तातडीचे वैद्यकीय साहाय्य, ओळख न उघड करता होणारे सुरक्षासंशोधन असे मोजके अपवाद त्यात आहेत. फ्लोरिडातील अपील न्यायालयाने २०१७ मध्ये वॉरशम प्रकरणात आणि जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोब्ली प्रकरणात, वॉरंटाशिवाय पोलिसांनी अशी नोंद काढून घेणे घटनाबाह्य ठरविले. युरोपीय संघाने ७ जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना ईडीआर सक्तीचा केला; मात्र नोंदीवरून विशिष्ट मोटार वा तिचा मालक ओळखता येऊ नये, अशी अटही घातली. एकाने मालकी निश्चित केली, दुसऱ्याने ओळखच पुसली.

भारतीय परिस्थितीला अमेरिकी उत्तर जसेच्या तसे लागू करण्यात एक अडचण आहे आणि ती या विषयाच्या मुळाशी जाते. आपल्याकडे मोटारीचा मालक एक आणि चालविणारा पगारी चालक दुसरा, ही नित्याची स्थिती आहे. नोंद मालकाची मानली, तर ज्याच्या पायाची आणि हाताची ती नोंद आहे त्या चालकाला तिच्यावर कोणताच अधिकार उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली हयगयीने मृत्यू घडविल्याबद्दल पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाला सामोरा जातो तो चालक. भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. नोंद त्याच्या विरुद्ध जाऊ शकते तशी त्याला निर्दोष ठरवूही शकते. पण मालकाने मोटार भंगारात काढली किंवा दुरुस्तीत नियंत्रक यंत्र बदलले गेले, तर त्याच्या बचावाचा पुरावा त्याला न विचारता नष्ट होतो. ‘चालकाची गोपनीयता’ या शब्दप्रयोगात मोटार चालविणारा तोच मालक, असे पाश्चात्त्य गृहीतक दडलेले आहे.

व्यावसायिक चालकाच्या बाबतीत तर यापलीकडची स्थिती आहे. १ जानेवारी २०१९ पासून दुचाकी व तीनचाकी वगळता नव्या सार्वजनिक सेवा वाहनांना स्थाननिदर्शक यंत्र बसविणे बंधनकारक झाले. प्रवाशांच्या, विशेषतः महिलांच्या सुरक्षिततेचा हेतू त्यामागे आहे व तो योग्यच आहे. परंतु खासगी मोटारीच्या मालकाविषयी यंत्र अपघाताआधीचे पाच सेकंद जपते, तर टॅक्सीचालकाचे ठिकाण दिवसभर नोंदले जाते, ही विषमता नजरेआड करता येत नाही.

भारतीय कायद्यातील स्थान

आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण येथे कितपत उपयोगी पडेल? मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे ठरविले. यंत्रातील नोंद तर आरोपीवर कोणतीही सक्ती न करता आधीच तयार झालेली असते. त्यामुळे या अनुच्छेदाचा आधार दुबळा दिसतो. अधिक भक्कम आधार आहे तो २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा. गोपनीयतेवरील आक्रमणाला कायद्याचा आधार हवा, उद्दिष्ट वैध हवे आणि उपाय त्या प्रमाणात हवा, या कसोट्या त्यातून मिळतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाकडून मोठी अपेक्षा ठेवली जाते. नोंद वाहनाच्या चेसिस क्रमांकाशी जोडली गेली की ती वैयक्तिक माहिती होते, असे म्हणता येईल. तथापि गुन्ह्याचा तपास व खटला, तसेच कायदेशीर हक्काची अंमलबजावणी यांसाठी होणाऱ्या वापराला कलम १७ ने बहुतांश बंधनांतून सूट दिली आहे. अपघातानंतर ज्या दोन ठिकाणी ही नोंद मागितली जाईल, ते फौजदारी न्यायालय आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, नेमके या सुटीत येतात. अधिनियमाचा खरा उपयोग अपघात न झालेल्या चालकाला होईल. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये वाहन किती व कसे चालविले यानुसार हप्ता ठरविणाऱ्या विम्याला परवानगी दिली. अशा योजनेत मोटार कशी चालविली जाते याची माहिती सतत गोळा होते आणि तेथे संमतीचा प्रश्न रोजचा आहे.

राहतो तो पुराव्याच्या ग्राह्यतेचा मुद्दा. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात दाखल करताना प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट पुढे चालविली व प्रमाणपत्रावर तज्ज्ञाची स्वाक्षरीही आवश्यक केली. मोटारीच्या बाबतीत असा तज्ज्ञ बहुधा उत्पादक कंपनीतच सापडतो. मोटारीत दोष होता असा चालकाचा बचाव असेल, तर त्या दोषाबद्दल जबाबदार धरली जाणारी कंपनीच नोंद वाचणार, तिचा अर्थ लावणार आणि तिची सत्यता प्रमाणित करणार. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील अपघात दाव्यांची अपिले तेथे जाऊ लागली आहेत. तेथे एखाद्या पगारी चालकाच्या वकिलाने मूळ नोंदीची संपूर्ण प्रत व स्वतंत्र तज्ज्ञाकडून तिचे वाचन मागितल्यास ते कोणत्या नियमाखाली द्यावयाचे, याचा निर्णय न्यायालयाला सर्वसाधारण तरतुदींवरूनच करावा लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली वस्तू वा दस्तऐवज हजर करण्याचा आदेश देता येतो; नोंद तोपर्यंत जपून ठेवण्याची जबाबदारी मालकाची, गॅरेजची, पोलिसांची की कंपनीची, हे त्या कलमात लिहिलेले नाही.