साठवणीचा वेग आणि त्या वेगाची मर्यादा : प्लेस्टेशन ५ साठी एसएसडीची निवड

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ हे गेम कन्सोल १२ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिका, जपान आणि इतर काही देशांत, तर २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्रीला आले, आणि आधीच्या पिढीशी तुलना करता त्याच्या रचनेतील सर्वांत मूलगामी बदल साठवणीच्या बाबतीत झालेला होता. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क जाऊन तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह (एसएसडी), म्हणजे ज्यात एकही हलता भाग नसतो आणि माहिती सिलिकॉनच्या चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात टिकते अशी साठवण, आली. या साठवणीची घोषित क्षमता ८२५ जीबी होती. त्यातला यंत्राच्या स्वतःच्या वापरासाठी राखलेला भाग वगळला, तर वापरणाऱ्याच्या वाट्याला सुमारे ६६७ जीबी उरत. मोठे गेम आता सहज १०० ते १५० जीबी जागा घेतात, त्यामुळे असे चार-पाच गेम उतरवल्यावर नवा गेम घेण्यासाठी जुना काढून टाकण्याची वेळ येते. जागा वाढवण्याची सोय यंत्रातच आहे. मात्र त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ड्राइव्हांची संख्या मोठी, त्यांच्या खोक्यांवरील आकडे भव्य आणि किमतींतील तफावत गोंधळात टाकणारी आहे, म्हणून निवडीआधी त्या आकड्यांमागचे तंत्र समजून घेणे अगत्याचे ठरते.

हार्ड डिस्क सोडण्याची गरज का भासली, हे पाहिले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. अशा डिस्कचा वाचनाचा वेग सेकंदाला ५० ते १०० एमबी इतकाच असतो, आणि तबकडीवरील हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येईपर्यंत दर वेळी २ ते ५० मिलिसेकंद जातात. हा शोधाचा वेळ वाचावा म्हणून गेम तयार करणाऱ्यांना एकच वस्तू तबकडीवर अनेक ठिकाणी लिहून ठेवावी लागे. प्लेस्टेशन ५ चे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी १८ मार्च २०२० रोजी प्रसारित झालेल्या तांत्रिक व्याख्यानात ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ या गेमचे उदाहरण दिले होते : त्यातील रस्त्याकडेच्या टपालपेट्यांसारख्या वस्तूंच्या डेटाची चारशेपर्यंत पुनरावृत्ती डिस्कवर केलेली होती. हा प्रकार इतिहासजमा झालेला नाही. ‘हेलडायव्हर्स २’ या गेमची संगणकावरील आवृत्ती हार्ड डिस्क वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी अशाच पुनरावृत्तीने फुगून सुमारे १५० जीबी झाली होती, आणि २०२५ च्या अखेरीस ती पुनरावृत्ती काढल्यावर ती सुमारे २३ जीबीवर आली. साठवणीचा वेग आणि साठवणीची जागा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

सर्नी यांच्या चमूने कन्सोलमधील एसएसडीसाठी स्वतःचा नियंत्रक, म्हणजे चिपमधील डेटाची ने-आण सांभाळणारी चिप, आखून घेतला. हा नियंत्रक बारा वाहिन्यांतून एकाच वेळी काम करतो. ८२५ जीबी हा चमत्कारिक वाटणारा आकडाही याच बारा वाहिन्यांतून आलेला आहे, कारण क्षमता त्या वाहिन्यांत समान विभागली जावी लागते. या रचनेमुळे सेकंदाला ५.५ जीबी कच्चा डेटा वाचता येतो. गेममधील डेटा ‘क्रॅकन’ या पद्धतीने आकुंचित केलेला असतो आणि तो उलगडण्यासाठी मुख्य चिपमध्ये स्वतंत्र यंत्रणा आहे, त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारा वेग सेकंदाला साधारण ८ ते ९ जीबीपर्यंत जातो. निवड करणाऱ्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की उलगडण्याची ही यंत्रणा कन्सोलच्या मुख्य चिपमध्ये आहे, ड्राइव्हमध्ये नाही. म्हणून बाहेरून आणून बसवलेल्या ड्राइव्हलाही तिचा पूर्ण लाभ मिळतो. एक उणीव मात्र राहते. कन्सोलच्या आतील ड्राइव्हमध्ये डेटाच्या मागण्यांना अग्रक्रमाच्या सहा पातळ्या देता येतात, तर बाजारातील ड्राइव्ह ज्या एनव्हीएमई नियमांनुसार चालतात, त्यांत खऱ्या अर्थाने दोनच पातळ्या उपलब्ध असतात. ही उणीव थोड्या जादा वेगाने भरून काढावी लागेल, असे सर्नी यांनी त्याच व्याख्यानात सांगितले होते, आणि सोनीने पुढे सुचवलेल्या वेगाच्या आकड्याकडे त्या संदर्भात पाहावे लागते.

विस्तारासाठीचा कप्पा पहिल्या दिवसापासून यंत्रात होता. तो वापरण्याची परवानगी मात्र सप्टेंबर २०२१ च्या अद्ययावतीकरणानंतरच सर्वांना मिळाली. इतर कंपन्यांनी वेगळे मार्ग धरले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस या यंत्रांत मागच्या बाजूला खोचायचे खास विस्तारकार्ड लागते, जे बसवायला अतिशय सोपे असले तरी निवडीला फारसा वाव ठेवत नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ मध्ये गेम साठवण्यासाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचेच कार्ड चालते. सोनीने संगणकांच्या बाजारातील सर्वसामान्य एम.२ ड्राइव्ह स्वीकारले, त्यामुळे ग्राहकाला स्पर्धेचा फायदा मिळाला आणि त्याबरोबर निवडीची जबाबदारीही आली.

एम.२ हे केवळ आकाराचे आणि जोडणीचे मानक आहे, आणि पहिली फसगत इथेच होते. एम.२ आकाराचे काही ड्राइव्ह साटा या जुन्या पद्धतीने संवाद साधतात. दिसायला ते जवळजवळ सारखेच असतात, पण कन्सोलमध्ये चालत नाहीत. लागतो तो चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस मार्गावर चालणारा, चार पदरी एनव्हीएमई ड्राइव्ह. तिसऱ्या पिढीच्या चार पदरांतून सेकंदाला जास्तीत जास्त ४ जीबीच्या आत डेटा जाऊ शकतो आणि चौथ्या पिढीत ही मर्यादा ८ जीबीच्या जवळ पोहोचते, हे लक्षात घेतले की तिसऱ्या पिढीचे स्वस्त ड्राइव्ह इथे का ग्राह्य नाहीत, ते कळते. ड्राइव्हच्या नावातील २२८० हा आकडा २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी दर्शवतो. कन्सोलमध्ये ३० पासून ११० मिलिमीटरपर्यंतच्या पाच लांबींची सोय असली, तरी बाजारात सर्वाधिक मिळतो आणि घ्यावा तो २२८० हाच आकार.

सोनीने सुचवलेला सलग वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून अधिक आहे. दुकानातील नामांकित ड्राइव्ह ७,००० ते ७,४०० एमबीचा दावा करतात, आणि या वरच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजावेत का, हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. त्याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. गेम हे कन्सोलच्या स्वतःच्या साठवणीचा वेग गृहीत धरून तयार केलेले असतात आणि त्यापलीकडचा वेग वापरण्याचे कारणच त्यांना नसते. एका क्षणात एका विश्वातून दुसऱ्यात उडी घेणारा ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’ हा जून २०२१ मधील गेम एसएसडीच्या वेगाचे प्रात्यक्षिक म्हणून ओळखला जातो. सोनीने सुचवलेल्या वेगापेक्षा कमी वेगाच्या, परंतु चौथ्या पिढीच्या ड्राइव्हवर स्वतंत्र परीक्षकांनी तो चालवून पाहिला, तेव्हाही खेळताना जाणवेल असा फरक फारसा आढळला नाही. म्हणून सुचवलेली मर्यादा पाळावी, पण ती ओलांडल्यावर आणखी वेगासाठी खर्च करू नये. पाचव्या पिढीचे ड्राइव्ह तर या यंत्रात चौथ्या पिढीच्याच वेगाने चालतात, त्यामुळे त्यांची जादा किंमत इथे सर्वस्वी वाया जाते.

खोक्यावर ठळकपणे न छापली जाणारी, पण अधिक विचार करण्याजोगी बाब म्हणजे चिपचा प्रकार. या साठवणीचा पाया असलेली नॅन्ड फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून १९८७ च्या सुमारास पुढे आली. तिच्या प्रत्येक सूक्ष्म कोशात विद्युतभार साठवला जातो. एका कोशात एकच बिट ठेवायचा असेल तर भाराच्या दोन पातळ्या ओळखाव्या लागतात, तीन बिटांसाठी आठ आणि चार बिटांसाठी सोळा. तीन बिटांच्या प्रकाराला टीएलसी आणि चार बिटांच्या प्रकाराला क्यूएलसी म्हणतात. पातळ्या वाढल्या की तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त डेटा मावतो आणि ड्राइव्ह स्वस्त होतो, परंतु लिहिणे संथ होते व कोश लवकर झिजतात. ही संथता झाकण्यासाठी नियंत्रक काही कोश तात्पुरते एका बिटाचे म्हणून वापरतो. दीडशे जीबीचा गेम एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना हा राखीव भाग भरला, की क्यूएलसी ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. गेम खेळताना मुख्यतः वाचनच होत असल्यामुळे क्यूएलसी अगदी निरुपयोगी नाही; तरीही किमतीतला फरक थोडा असेल तर टीएलसीच घ्यावा, कारण अनेक वर्षे वापरायच्या वस्तूत ही बचत फार छोटी ठरते.

झिजेची भीती मात्र अतिरंजित आहे. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हवर अनेक उत्पादक ६०० टीबी लेखनाची हमी देतात. दर आठवड्याला १०० जीबीचा नवा गेम उतरवणारा खेळाडू वर्षाकाठी सुमारे ५.२ टीबी लिहितो, आणि त्या हिशेबाने ही हमी संपायला शंभराहून अधिक वर्षे लागतील. कन्सोलसाठी ड्राइव्ह निवडताना या आकड्यांची तुलना करत बसण्याचे कारण नाही.

डीरॅमचा मुद्दा वेगळा आहे. कोणता डेटा कोणत्या कोशात आहे याचा नकाशा नियंत्रकाला सतत लागतो, आणि महागड्या ड्राइव्हमध्ये तो ठेवण्यासाठी डीरॅम ही जलद स्मृती वेगळी बसवलेली असते. स्वस्त ड्राइव्ह त्याऐवजी संगणकाच्या स्मृतीचा छोटा भाग उसना घेतात; या व्यवस्थेला होस्ट मेमरी बफर म्हणतात. प्लेस्टेशन ५ ही उसनवारी मान्य करत नाही, आणि असे ड्राइव्ह लावल्यास कामगिरी घटू शकते, असे सोनीनेच सूचनेत नमूद केले आहे. असे अनेक ड्राइव्ह प्रत्यक्षात समाधानकारक चालतात हे खरे असले, तरी संगणकावर मोजलेले त्यांचे आकडे कन्सोलला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवले पाहिजे.

उष्णतेकडे होणारे दुर्लक्ष सर्वांत महागात पडते. वेगाने काम करणारा नियंत्रक बराच तापतो, आणि ठरावीक तापमान ओलांडले की स्वसंरक्षणासाठी स्वतःचा वेग कमी करतो. म्हणूनच सोनीने हीटसिंक, म्हणजे ड्राइव्हची उष्णता शोषून हवेत सोडणारे धातूचे आच्छादन, अनिवार्य ठरवले आहे. त्याच्या जाडीला मर्यादा आहे : हीटसिंकसह एकूण जाडी ११.२५ मिलिमीटर, त्यातही ड्राइव्हच्या सर्किट पाटीच्या वर ८ मिलिमीटर आणि खाली २.४५ मिलिमीटर, याहून जास्त चालत नाही, आणि रुंदी २५ मिलिमीटरच्या आत असावी लागते. संगणकांसाठीचे उंच पंखांचे हीटसिंक या कप्प्यात मावत नाहीत. हीटसिंक वेगळा घेऊन चिकटवता येतो. परंतु ज्यांना हा अनुभव नाही त्यांनी कारखान्यातच हीटसिंक बसवलेला ड्राइव्ह घेणे शहाणपणाचे, कारण मधली औष्णिक पट्टी नीट न बसल्यास हीटसिंक असूनही उपयोग होत नाही. या कन्सोलच्या वापरासाठी सोनीने ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे. नागपूर किंवा चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पंख्याखालची खोलीही ३५ अंशांच्या वर राहते, अशा ठिकाणी कन्सोल टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवणे ड्राइव्हच्याच नव्हे, तर संपूर्ण यंत्राच्या दृष्टीने घातक आहे. विदर्भ-मराठवाड्यातील खेळाडूने वेगाच्या आकड्यांपेक्षा हीटसिंकच्या दर्जाकडे आणि यंत्राभोवतीच्या मोकळ्या जागेकडे अधिक लक्ष द्यावे.

यानंतर उरतो तो क्षमतेचा प्रश्न, आणि पैसा खर्च करायचा तर तो इथेच करावा. कप्पा २५० जीबीपासून ड्राइव्ह स्वीकारतो. वरची मर्यादा आधी ४ टीबी होती, ती सप्टेंबर २०२३ मध्ये ८ टीबी करण्यात आली. कप्पा एकच आहे, त्यामुळे आज छोटा ड्राइव्ह बसवला तर उद्या तो काढूनच मोठा बसवता येईल. २०२३ च्या बारीक आवृत्तीत मूळ साठवण १ टीबी आणि नोव्हेंबर २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये २ टीबी आहे, म्हणून प्रोच्या मालकाला घाई करण्याचे कारण नाही. मूळ ८२५ जीबीच्या यंत्रासाठी २ टीबीचा ड्राइव्ह हा सर्वांत समतोल पर्याय ठरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा केंद्रांच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून स्मृतिचिपांच्या किमती चढू लागल्या, तेव्हा ज्यांचे अंदाजपत्रक अपुरे आहे त्यांनी यूएसबीने जोडायच्या बाह्य ड्राइव्हचाही विचार करावा. त्यावरून प्लेस्टेशन ४ चे गेम थेट खेळता येतात. प्लेस्टेशन ५ चे गेम मात्र तिथे फक्त ठेवता येतात आणि खेळण्यापूर्वी आत हलवावे लागतात. तरीही आंतरजालावरून शंभर जीबी पुन्हा उतरवण्यापेक्षा हे हलवणे केव्हाही लवकर होते. ज्यांचा संग्रह मुख्यतः जुन्या गेमचा आहे, त्यांनी ते बाहेर हलवून आतील जागा मोकळी केली, तर एम.२ ड्राइव्हची गरज काही काळ पुढे ढकलता येते.

खरेदी करताना दोन दक्षता घ्याव्यात. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या ड्राइव्हांमध्ये बनावट मालाचे प्रमाण मोठे असते, ज्यात खोटी क्षमता दाखवली जाते आणि ठरावीक मर्यादेनंतर लिहिलेला डेटा नष्ट होतो. त्यामुळे अधिकृत विक्रेता आणि भारतात लागू असलेली हमी यांबाबत तडजोड करू नये. दुसरे असे, की काही उत्पादकांनी एकाच नावाखाली ड्राइव्हमधील चिप किंवा नियंत्रक कालांतराने बदलल्याची उदाहरणे आहेत, म्हणून जुन्या परीक्षणांवर संपूर्ण विसंबून राहू नये.

बसवण्याचे काम अवघड नाही आणि सोनीनेच त्याच्या सूचना दिलेल्या असल्यामुळे कप्पा उघडण्यात गैर काही नाही. कन्सोल पूर्ण बंद करून, वायर काढून, थंड होऊ द्यावे. अंगातील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. बाहेरचे आवरण काढून कप्प्याच्या झाकणाचा स्क्रू ‘स्टार’ स्क्रू ड्रायव्हरने सोडवावा. ड्राइव्हच्या लांबीप्रमाणे आधाराची चकती हलवावी आणि ड्राइव्ह तिरपा खोचून मग आडवा करून स्क्रूने पक्का करावा. कप्प्याचे झाकण पुन्हा लावायला विसरू नये. यंत्र सुरू होताच ते ड्राइव्ह फॉरमॅट करण्यास सांगते, ज्यात त्यावरील आधीचा सर्व डेटा पुसला जातो, आणि त्यानंतर वाचनाचा वेग मोजून पडद्यावर दाखवते. नवीन गेम कुठे उतरवायचे हे सेटिंगमध्ये ठरवता येते आणि जुने गेम दोन्ही बाजूंना हलवता येतात. खेळातील प्रगतीची नोंद, म्हणजे सेव्ह डेटा, मात्र कायम कन्सोलच्या मूळ साठवणीतच राहते. म्हणून नवा ड्राइव्ह म्हणजे त्या नोंदींची सुरक्षित प्रत असे समजू नये, आणि त्यांच्यासाठी प्लेस्टेशन प्लसच्या सभासदांना मिळणारी क्लाउड साठवण किंवा यूएसबी ड्राइव्हवर घेतलेला संपूर्ण बॅकअप यांपैकी एक व्यवस्था स्वतंत्रपणे करून ठेवावी.