इनडिझाइनमधला दिवाळी अंक ऐकताही यायला हवा

बेंगळुरूची मित्रज्योती ही संस्था दृष्टिहीनांसाठी बोलती पुस्तकं तयार करते. पण अंकाची पीडीएफ नीट टॅग केलेली असेल, तर तीच प्रत स्क्रीन रीडरवर थेट ऐकता येते.

बेंगळुरूतल्या मराठी मंडळींनो, इनडिझाइनमध्ये अंक लावताना एवढं कराच! पॅराग्राफ स्टाइलच्या एक्स्पोर्ट टॅगिंगमध्ये मथळ्याला एच१ द्या, मजकुराला पी. चौकटी वाचायच्या क्रमाने आर्टिकल्स पॅनलमध्ये ओढा आणि टॅग्ड पीडीएफसाठी तोच क्रम वापरायचा पर्याय पॅनलच्या मेनूत चालू करा. नाहीतर लेखाच्या मध्येच जाहिरात वाचली जाऊ शकते. चित्राच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये ‘फोटो १’ नको, ‘गणपतीसमोर लेझीम खेळणाऱ्या मुली’ असं लिहा.

आपल्याकडचा मोठा अडथळा मात्र फॉन्टचा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला ‘क’ दिसायला ‘क’, पण आत रोमन अक्षर किंवा भलतंच चिन्ह. स्क्रीन रीडर तेच वाचतो. टॅग कितीही चोख असले तरी ऐकू येतो निव्वळ गोंधळ. म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. एक्स्पोर्ट करताना ‘क्रिएट टॅग्ड पीडीएफ’वर खूण करा, आणि छापायला देण्याआधी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावून दोन पानं ऐकाच.